सातव्या रकान्यातली रेघ

तळटीपबाई हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. इतिहास विभागात एकतीस वर्षं शिकवताना त्यांनी एकही विधान पुराव्याशिवाय सोडलं नव्हतं, ना स्वतःचं, ना दुसऱ्याचं. घरातही तेच. नवऱ्यानं सकाळी "रात्री पाऊस पडून गेला वाटतं" असं म्हटलं, की त्या विचारत, "कशावरून?" नवरा इंजिनिअर, आयुष्यभर धरणांवर काम करून निवृत्त झालेला, स्वभावानं थंड. तो म्हणायचा, "अंगण ओलं आहे." मग बाई अंगण बघून येत.

अशा माणसाला पुस्तक लिहायला नऊ वर्षं लागली तर नवल नाही. पण नऊ वर्षांत लोकांनी त्यांचं डोकं किती उठवलं, त्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. शेजारीण दर सहा महिन्यांनी विचारायची, "कादंबरी झाली का पुरी?" दातांचा डॉक्टर त्यांच्या तोंडात आरसा घालून म्हणायचा, "राष्ट्रउभारणीत बायकांचं योगदान का? छान विषय. महान स्त्रिया घ्या पाच-सहा." उघड्या तोंडानं उत्तर देता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि विभागप्रमुख, जो एकेकाळी त्यांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर झोपायचा, तो तर प्रत्येक बैठकीत सांगायचा, "मॅडम, बायकांचं एक प्रकरण शेवटी जोडून टाका की. सगळ्या पुस्तकात कशाला पसरवता?"

"देश उभा राहिला तेव्हा बायका शेवटच्या प्रकरणात आल्या नव्हत्या," बाई म्हणायच्या.

"हो हो, ते आहेच," असं म्हणून तो पुढच्या विषयाकडे वळायचा.

विषय खरं तर सोपा होता. बासष्ट वर्षांपूर्वी देश नवा होता. आपल्या हद्दीत कोण कोण राहतं हे नव्या सरकारला नीट माहीत नव्हतं, म्हणून पहिली जनगणना झाली. तिच्या तक्त्यात अकरा रकाने होते. सातवा रकाना जमातीचा. माणूस टेकडीवरचा, नदीकाठचा की दरीतला, ते तिथे लिहायचं. सूचना अशी होती की लग्न झालेल्या बाईची जमात म्हणजे तिच्या नवऱ्याची. एका वाक्यात हजारो बायका इकडच्या तिकडे झाल्या. पण शहराच्या एका जुन्या वॉर्डात बाईंना काही वेगळंच सापडलं. तिथे अकराशे चाळीस बायकांच्या नावापुढे सातव्या रकान्यात नवऱ्याची जमात नव्हती, माहेरचीही नव्हती. नुसती एक आडवी रेघ होती.

त्या रेघेवर बाईंनी सहा वर्षं घालवली. प्रत्येक तक्त्याखाली मोजणाऱ्याची, म्हणजे प्रगणकाची सही होती. सरकारी अहवालात शहरातल्या प्रगणकांची यादी होती. दोनशे बारा नावं, सगळी पुरुषांची. त्यावरून बाईंनी चौथं प्रकरण उभं केलं. दारात सरकारी कागद घेऊन परका पुरुष उभा. तो विचारतो, तू कोणाची? घरातली बाई गप्प बसते. हे गप्प बसणं म्हणजे भीती नाही, हा नकार आहे. रेघ ही त्या नकाराची खूण. सगळं पुस्तक या प्रकरणाच्या खांद्यावर होतं. ते काढलं असतं तर उरलेली सहा प्रकरणं म्हणजे नुसती आकडेवारी होती.

आणि आता शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पुस्तक छापायला जायचं होतं. प्रकाशन संस्थेची ही ग्रंथमाला या वर्षी बंद होणार होती. शुक्रवार हुकला तर पुस्तकाला दुसरं घर शोधावं लागलं असतं. जूनमध्ये बाई निवृत्त होणार होत्या. विभागाचं पत्र पाठीशी नसलेल्या निवृत्त प्राध्यापिकेच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाला कोण उभं करतं, हे त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत पुष्कळ बघितलं होतं.

राहिली होती फक्त सूची. कोणता शब्द कोणत्या पानावर, ते सांगणारी. संपादकानं फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "सूची लेखकच करतात मॅडम, आमच्याकडे माणूस नाही." बाईंनी कपाळाला हात लावला आणि नवऱ्याच्या बुटांचे रिकामे खोके काढले. एका चिठ्ठीवर एक शब्द आणि त्याचे पान-क्रमांक, अशा दोन हजार चिठ्ठ्या झाल्या. त्या वर्णक्रमानं लावायला त्यांनी नणंदेला बसवलं.

नणंद म्हणजे अक्का. वय ब्याऐंशी. लग्न केलं नाही, भावाहून अठरा वर्षांनी मोठी, प्राथमिक शाळेत चाळीस वर्षं शिकवलेलं. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा अक्का घरात होत्याच, आणि तीस वर्षं दोघी एकमेकींना सहन करत होत्या, म्हणजे बऱ्यापैकी गोडीनं. अक्कांना वर्णमाला झोपेतही येत होती. फक्त त्यांना मुकाट्यानं काम करता येत नव्हतं.

मंगळवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दोघी बसल्या.

"'स्त्रिया: पाहा, कुटुंब,'" अक्कांनी चिठ्ठी चष्म्याजवळ नेऊन वाचली. "आणि कुटुंबात गेलं की काय? 'पाहा, स्त्रिया'?"

"तशी पद्धत असते, अक्का."

"मग माणसानं बघायचं तरी कुठे? नुसत्या चकरा मारायच्या? 'पडदा', 'पाणवठा', 'पाळणा'... हे बरं आहे. 'पुनर्विवाह'. 'प्रगणक, पुरुष असल्याचा परिणाम, ८८, ९३ ते १२७'. अगं बाई, बरीच पानं खाल्ली की यानं. प्रगणक म्हणजे?"

"घरोघर जाऊन माणसं मोजणारा."

"शिरगणतीवाला असं लिही की. मग पुरुष कशाला लिहिलंस?"

"कारण सगळे पुरुषच होते. दोनशे बारा. यादी आहे माझ्याकडे."

"कोणी केलेली?"

"सरकारनं." बाई पान-क्रमांक तपासत होत्या. बोलण्यात त्यांचं अर्धं लक्ष होतं.

"आमच्या वॉर्डात कुणाचं नाव आहे त्या यादीत?"

"तुमच्या शाळेच्या हेडमास्तरांचं."

अक्का हसल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "हेडमास्तर? त्यांना दमा होता गं. शाळेचा जिना चढायचा तर मध्ये दोनदा थांबायचे. ते कशाला घरोघर फिरतायत? व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि आम्ही आणलेल्या कागदांवर सह्या ठोकायचे. फिरलो आम्ही. मी, शिवणाच्या बाई आणि ती उंच, गाणं शिकवणारी. एकोणीस दिवस. पुरुषांना कुणी आत घेत नव्हतं ना, मग बायकांची नावं, वयं सांगणार कोण? नंतर हेडमास्तरांना राष्ट्रसेवेचं प्रमाणपत्र मिळालं. ऑफिसात लावलं होतं काचेच्या चौकटीत. मीच पुसायची."

बाईंचं पेन थांबलं.

"अक्का, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं होतं!" बाई उठल्या. कपाटातून निळी फाइल काढली, पानं उलटली. "हे बघा. मुलाखत क्रमांक सतरा. प्रश्न: तुमची गणना झाली त्या दिवसाबद्दल काय आठवतं? उत्तर: काही नाही. मी घरी नव्हते." खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात शेरा मारला होता: उपयुक्त माहिती नाही.

"बरोबरच सांगितलंय मी," अक्का म्हणाल्या. "मी घरी नव्हते. लोकांच्या घरी होते, त्यांना मोजत. तू मला मोजल्याचं विचारलंस. मी मोजलं का, हे कुठे विचारलंस?"

बाईंनी पुढचंही विचारलं, कारण विचारल्यावाचून राहणं त्यांना जमलंच नसतं. "आणि ती रेघ? तुमच्याच वॉर्डातली, सातव्या रकान्यातली?"

"आम्हीच मारली."

"बाई गप्प बसली म्हणून ना?"

"गप्प?" अक्कांनी चिठ्ठ्या खाली ठेवल्या. "त्या वॉर्डात एकही बाई गप्प बसली नाही. तोंडाचा पट्टा असा सुटायचा की उठायची सोय नाही. एक म्हणाली, आई टेकडीवरची, बाप नदीकाठचा, मला वाढवलं मावशीनं, ती दरीतल्या माणसाला दिलेली, मी दरीतलीच बोली बोलते, आणि आता हे म्हणतात तू आमची. लिही आता काय लिहितेस ते. आणि रकाना केवढा? नखाएवढा! नवऱ्याची जमात लिहावी तर ती समोर कमरेवर हात ठेवून उभी. तिचं सगळं लिहावं तर जागा कुठे? हेडमास्तर म्हणाले, घोटाळा असेल तिथे रेघ मारा, मी बघतो. त्यांनी काय बघितलं, कपाळ! बोलल्या म्हणून रेघ मारली गं. गप्प बसल्या असत्या तर नवऱ्याचं लिहून मोकळ्या झालो असतो."

टेबलावर 'मौन' या शब्दाच्या चिठ्ठीवर एकेचाळीस पान-क्रमांक होते.

बाई त्या दिवशी बोलायला नको होतं ते बोलल्या. "अक्का, हा एका व्यक्तीचा तोंडी पुरावा आहे. तोही बासष्ट वर्षांनंतरचा. असा कसा धरायचा?"

अक्कांचा चेहरा बदलला. "म्हणजे जिनं रेघ मारली तिचा पुरावा चालत नाही, आणि ज्यानं खुर्चीत बसून सही केली त्याचा चालतो? धन्य आहे तुझी, प्रोफेसरीणबाई." त्या उठल्या, 'प'पर्यंत लावलेल्या चिठ्ठ्या तशाच टाकून खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

जेवताना नवऱ्यानं विचारलं, "अक्का बोलत नाहीये. काय केलंस तू?"

"तुम्हाला माहीत होतं? अक्का शिरगणतीला फिरल्या होत्या ते?"

"मी दोन वर्षांचा होतो तेव्हा. पण आई सांगायची, त्या वर्षी अक्काचे पाय इतके सुजायचे की कोमट पाण्यात ठेवून बसायला लागायचं."

"हे तुम्ही मला नऊ वर्षांत सांगितलं नाहीत!"

"अगं, पाय सुजण्याचा राष्ट्रउभारणीशी काही संबंध असेल असं वाटलं नाही मला."

बाईंनी ताट उचललं.

बुधवारी साडेदहाला त्या सरकारी रेकॉर्ड रूममध्ये हजर होत्या. नऊ वर्षं त्या इथे येत होत्या, पण काम फिल्मवर चालायचं. मूळ तक्ते खराब होऊ नयेत म्हणून त्यांची काळीपांढरी फिल्म काढलेली होती आणि वाचकांना तीच मिळे. अंधाऱ्या कोपऱ्यात मशीनपुढे बसून बाईंची मान धरली होती, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता.

"मूळ कागद हवेत," बाई म्हणाल्या.

"फिल्म आहे ना, मॅडम," कारकून म्हणाला. त्याच्या टेबलावर नेहमीप्रमाणे काहीही नव्हतं.

"फिल्म बघितली. मूळ हवेत."

"मूळ कागद फिल्म खराब असेल तरच देतात. फिल्म खराब आहे का?"

"नाही."

"मग कसे देणार?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण एकतीस वर्षांचा अनुभव होता. "फिल्म अपुरी आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यात रंग दिसत नाही."

हे कारण नियमात बसतं की नाही, ते कारकुनाला सांगता येईना. त्यानं साहेबांना विचारलं. साहेबांनाही सांगता येईना, म्हणून त्यांनी होकार दिला. अडीच वाजता सुतळीनं बांधलेले तीन गठ्ठे टेबलावर आले. बाईंनी पहिला सोडला आणि पहिल्याच पानावर त्यांना सगळं दिसलं. तक्त्यातला मजकूर निळ्या शाईत होता. खालची सही काळ्या शाईत. एकही पान याला अपवाद नव्हतं. फिल्मवर दोन्ही सारखेच काळे दिसत होते.

मजकुराची अक्षरं तीन प्रकारची होती. एक बुटकं आणि गोल, एक उभं आणि बारीक. तिसऱ्यातल्या आठाची शेपटी लांब, सरळ पुढच्या रकान्यात घुसणारी. ती शेपटी बाईंनी त्या क्षणी ओळखली, कारण ती रोज सकाळी फ्रिजवर चिकटवलेल्या यादीत असायची. दूध ८, साबण, टेबलावरच्या दिव्याचा बल्ब. तीस वर्षं ती फ्रिजवर बघितली होती आणि नऊ वर्षं फिल्मवर, आणि दोन्ही शेपट्या एकाच हाताच्या आहेत हे या विदुषीच्या लक्षात आलं नव्हतं. इतकंच नाही. चौथ्या प्रकरणात, एकशे चार पानावर, त्याच अक्षराबद्दल त्यांनी लिहिलं होतं: 'प्रगणकाच्या आकड्यांमधला हा बेफिकीर फटकारा पुरुषी अधिकाराची साक्ष देतो.'

"काही सापडलं का, मॅडम?" कारकुनानं विचारलं.

"हो. माझी नणंद."

कारकुनानं मान डोलावली. इथे येणाऱ्या लोकांना बहुतेक कुणी ना कुणी नातेवाईकच सापडायचे.

बसमध्ये खिडकीशी बसून बाईंनी दुसरा विचार केला, आणि तो त्यांनी लपवूनही ठेवला नाही, निदान स्वतःपासून. कोणाला कळणार आहे? अक्का पुस्तक वाचणार नाहीत, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. शिवणाच्या बाई आणि गाण्याच्या बाई केव्हाच गेल्या. कारकुनाला तर पडलेलीच नव्हती. विभागप्रमुखानं प्रकरण उघडूनसुद्धा बघितलं नसतं. शुक्रवारी पुस्तक जाईल, जूनमध्ये हातात येईल, एक तरी गोष्ट पुरी होईल. आणि अगदीच सोडायचं नसेल तर एक तळटीप घालावी. बाईंनी पिशवीतून पेन्सिल काढून बसच्या तिकिटामागे लिहिली: 'काही वॉर्डांत शिक्षिकांनी या कामी मदत केल्याचा तोंडी उल्लेख आढळतो.'

घरी येऊन त्यांनी ती टेबलावरच्या उजेडात पुन्हा वाचली. मदत. तोंडी. उल्लेख. एकोणीस दिवस पाय सुजवले त्याला मदत. समोर बसून सांगितलं त्याला तोंडी. अकराशे चाळीस रेघा मारणाऱ्या हातांना उल्लेख. बायकांना कागदावरून असंच पुसतात, हे सांगायला नऊ वर्षं खर्ची घातली, आणि पुसायची वेळ आली तेव्हा आपल्याला एक वाक्य पुरलं. तेही चांगल्या, नेमक्या भाषेत. बाईंना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी ते तिकीट फाडलं, आणि पुरावा फाडला म्हणून परत राग आला.

गुरुवारी सकाळी दहा वाजता त्यांनी संपादकाला फोन केला.

"चौथं प्रकरण चुकीचं आहे," त्या म्हणाल्या. "मी ते मागे घेते."

"मॅडम, उद्या शुक्रवार आहे."

"मला माहीत आहे."

"चुकीचं म्हणजे किती चुकीचं? एखादी तळटीप घालून भागेल का? तुमच्या तळटीपा लोक आवडीनं वाचतात."

"प्रयत्न करून बघितला. नाही मावत."

"मग प्रकरण काढून बाकीचं छापू या?"

"बाकीचं त्याच्यावर उभं आहे."

"मॅडम, खरं सांगू का? कुणी तपासत नाही हो. बासष्ट वर्षांपूर्वीच्या रेघा!"

"तपासणारी माणसं माझ्या घरात आहेत," बाई म्हणाल्या. "सहा महिने द्या."

"ग्रंथमालाच नाही सहा महिन्यांनी. तुम्हाला कल्पना आहे." त्याचा आवाज आता खरोखर वाईट वाटल्यासारखा झाला होता. "तुमच्याकरता मी किती जणांशी भांडलो..."

"कल्पना आहे. आभारी आहे," बाईंनी सांगितलं आणि फोन ठेवला. नवरा दारात उभा होता. त्यानं चहा करून आणला, त्यात साखर घालायला विसरला, आणि बाईंनी तो तसाच प्यायला.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्या अक्कांच्या दाराशी गेल्या. हातात कोरी वही.

"अक्का, चुकलं माझं."

"काय चुकलं?" अक्का पलंगावर बसून केस विंचरत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"मूळ कागद बघितले. तुमचं अक्षर आहे. आठाची शेपटी."

"मग? आता पुरावा झाले का मी?"

"तुम्ही पहिल्यापासून होतात. मलाच विचारायची अक्कल नव्हती. आता विचारायला आले आहे. पहिल्या घरापासून सांगा."

"आणि तुझं पुस्तक? आज जायचं ना?"

"नाही जात."

अक्कांनी फणी खाली ठेवली. भावजयीकडे वळून बघितलं. "वेडी आहेस तू," त्या म्हणाल्या, आणि पलंगावर थोड्या सरकल्या. "बस. तिकडे नको, इकडे. त्या कानानं मला ऐकू येत नाही."

दुपारपर्यंत बावीस घरं झाली. अक्कांची आठवण शाळेच्या हजेरीसारखी होती. एक नाव चुकलं की सगळी गल्ली परत पहिल्यापासून. बाईंचे नाकी नऊ आले. मध्येच अक्कांनी विचारलं, "पण त्या रेघांचं पुढे झालं काय? हेडमास्तरांनी नाही बघितलं, मग कोणी बघितलं?"

हे बाईंना माहीत होतं. ते तिसऱ्या प्रकरणात होतं, पुराव्यांसकट. सांगावं की नाही, यावर त्या क्षणभर अडखळल्या. मग सांगितलं. रेघा असलेले तक्ते मोठ्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनांनी रेघ दिसली की नवऱ्याची जमात धरली. दरीतल्या बायका जुन्या राजवटीतल्या मोजणीत या शहरात नऊशेवर होत्या, या मोजणीत त्रेचाळीस उरल्या. दरीच्या बोलीतली शाळा काढायचा विचार चालू होता, तो सोडून देण्यात आला. ती बोली घरात बोलणाऱ्या आया कागदावर उरल्याच नव्हत्या.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"माझ्या पहिलीच्या वर्गात," अक्का म्हणाल्या, "दरवर्षी पाच-सहा मुली असायच्या, त्या तोंडच उघडायच्या नाहीत. विचारलं तरी नुसत्या बघत राहायच्या. मी त्यांना मागच्या बाकावर बसवायची. मंद आहेत असं लिहायची प्रगतिपुस्तकात. चाळीस वर्षं लिहिलं."

"तुम्हाला काय माहीत, अक्का..."

"त्यांच्या आयांशी मी बोलले होते की. दारात बसून. त्या कोणती बोली बोलतात ते मला माहीत होतं." अक्कांचा आवाज चढला. "मला सांगायलाच हवं होतं का तुला हे? ब्याऐंशी वर्षांची झाले मी!"

वही मिटून बाई उठायला लागल्या.

"कुठे निघालीस?" अक्का खेकसल्या. "बावीसच घरं झालीत."

पाच वाजता फोन वाजला तो नवऱ्यानं घेतला. "त्या कामात आहेत," असं सांगून त्यानं ठेवून दिला. हे बाईंना आतून ऐकू आलं.

पुस्तक त्या वर्षी आलं नाही. जूनमध्ये निरोपाच्या सभेत विभागप्रमुखानं भाषण केलं आणि "मॅडमचं पुस्तक लवकरच येत आहे" असं दहाव्यांदा सांगितलं. बाईंनी त्याला दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या एका छोट्या प्रकाशकानं मजकूर बघू म्हटलं आहे. बघू याचा अर्थ काय, ते तो सांगत नाही. चौथं प्रकरण आता सत्त्याण्णव पानांचं झालं आहे आणि दर रविवारी अक्का ते भिंग घेऊन वाचतात, हातात लाल पेन्सिल. आतापर्यंत त्यांनी चौदा चुका काढल्या. त्यातल्या अकरा बाईंनी निमूटपणे मान्य केल्या, दोन भांडून.

चौदावी चूक अजून मिटायची आहे. बाईंनी लिहिलं होतं, 'रकाना इतका लहान होता, की त्या बायकांचं उत्तर त्यात मावणं शक्य नव्हतं.' वाक्य खरं होतं, सोपं होतं, आणि अक्कांना त्रास होऊ नये म्हणून जरा जपून लिहिलेलं होतं. अक्कांनी ते आडवं खोडून टाकलं.

"खोडलं का? तुम्हीच सांगितलंत ना, नखाएवढा होता?"

"होता. पण कागदाला समास होता की. चार बोटं रुंद, दोन्ही बाजूंना कोरा. मी रोज बघत होते तो. तिथे लिहिता आलं असतं."

"अक्का, समासात लिहायला मनाई होती. सूचना आहे तशी, माझ्याकडे छापील आहे."

"असेल. सूचना तर खूप होत्या. तू लिही, समासात जागा होती आणि आम्ही लिहिलं नाही."

"हे तुमच्यावर अन्याय करणारं आहे."

"तू इतिहास लिहितेस की माझी बाजू घेतेस?"

बाईंनी पेन उचललं, परत ठेवलं, चष्मा काढला, पुसला. मग त्यांनी ते वाक्य अक्कांनी सांगितलं तसं लिहिलं आणि त्याच्या शेजारी त्या सूचनेचा क्रमांक टाकला. अक्कांनी भिंगातून दोन्ही वाचलं.

"तो क्रमांक काढ," त्या म्हणाल्या.

"नाही काढणार."

"मग पुढच्या रविवारी बोलू," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी लाल पेन्सिलीला टोक करायला घेतलं.